व्हेज एन्चिलाडाच्या तयार बॉक्समध्ये नेमकं काय असतं? नाव भाजीचं, पण बघायचा आकडा सोडियमचा

अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये फ्रोझन सेक्शनपाशी उभं राहिलं की शाकाहारी माणसाला पिझ्झा, पास्ता, बरिटो आणि व्हेज एन्चिलाडा असे ठरलेले पर्याय दिसतात. शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी पोरांना त्यातला एन्चिलाडा जरा घरचा वाटतो. मक्याची पोळी, आत बीन्स आणि भाज्या, वरून तिखट सॉस. काही मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवला की जेवण तयार. आणि बॉक्सवर 'व्हेजिटेबल' लिहिलंय म्हटल्यावर पौष्टिक असणारच, असं गृहीत धरलं जातं.

ते किती खरं आहे?

मूळ पदार्थ चांगलाच आहे

एन्चिलाडा मेक्सिकोचा. स्पॅनिशमध्ये 'एन्चिलार' म्हणजे मिरची लावणं. टॉर्टिया म्हणजे मक्याची पातळ पोळी, ती मिरचीच्या सॉसमध्ये बुडवायची, सारण भरून गुंडाळायची. ही पोळी साध्या मक्याच्या पिठाची नसते. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. चुना म्हणजे आपण पानाला लावतो तोच. या प्रक्रियेला निक्स्टमलायझेशन म्हणतात. त्यामुळे मक्यात कॅल्शियम वाढतं आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. मका युरोपात गेला, पण ही चुन्याची युक्ती गेली नाही. परिणामी जिथे गरीब लोक मक्यावरच जगत होते, तिथे पेलाग्रा नावाचा आजार पसरला.

मक्याच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, ते बीन्समध्ये भरपूर असतं. दोन्ही एकत्र खाल्लं की जोडी जमते. आपल्या वरण-भाताचं गणितही हेच आहे.

फ्रोझन आहे म्हणजे सत्त्व गेलं, हाही गैरसमजच. गोठवण्याआधी भाज्या उकळत्या पाण्यातून किंवा वाफेवर काढतात, तेव्हा क जीवनसत्त्व थोडं कमी होतं. बाकी बरंचसं टिकतं.

मग गडबड कुठे आहे?

एक नमुना लेबल समजून घेऊ. समजा, 280 ग्रॅमच्या बॉक्सवर असं लिहिलंय: 350 कॅलरी, 12 ग्रॅम प्रोटीन, 6 ग्रॅम फायबर, 6 ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, 780 मिलिग्रॅम सोडियम. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, प्रत्येक बॉक्सचे वेगळे निघतील.

अमेरिकी लेबल दिवसाला 2,000 कॅलरी धरून बनतं. त्या हिशोबाने फायबरची दिवसाची गरज 28 ग्रॅम, म्हणजे या बॉक्समधून 21 टक्के मिळालं. हे उत्तम. एफडीए, म्हणजे तिथलं अन्न आणि औषध प्रशासन, 20 टक्के किंवा जास्त असेल तर त्याला 'भरपूर' मानतं आणि 5 टक्के किंवा कमी असेल तर 'थोडं'.

आता सोडियम. दिवसाची मर्यादा 2,300 मिलिग्रॅम. 780 म्हणजे 34 टक्के. पण कॅलरी तर दिवसाच्या 18 टक्केही नाहीत! म्हणजे पोट जेवढं भरलं, त्याच्या जवळपास दुप्पट हिश्श्याने मीठ पोटात गेलं.

दुकानात उभ्या उभ्या हे तपासायची सोपी पद्धत आहे. कॅलरीचा आकडा आणि सोडियमचे मिलिग्रॅम शेजारी ठेवा. दोन्ही जवळपास असतील तर ठीक. सोडियम दुप्पट असेल तर बॉक्स खारट आहे, जिभेला कळो वा न कळो. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं. इथे साधारण 2 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते.

आणि 350 कॅलरीत विशीतल्या पोराचं पोट भरत नाही. मग तो दोन बॉक्स गरम करतो, किंवा सोबत चिप्स आणि साल्सा घेतो. दोन बॉक्सचं सोडियम झालं 1,560. अमेरिकन हार्ट असोसिएशन बहुतेक प्रौढांसाठी आदर्श मर्यादा 1,500 सांगते. एका जेवणात दिवसाचा कोटा संपला.

'व्हेज' शब्दावर किती विसंबायचं?

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. त्यामुळे चीज आणि पीठ आधी आणि ढोबळी मिरची, पालक मागे असतील, तर भाजी नावापुरती आहे हे लगेच कळतं. चीज जास्त तर सॅच्युरेटेड फॅटही जास्त. 'ऑरगॅनिक' आणि 'ग्लुटेन फ्री' या शब्दांचा मिठाशी काही संबंध नाही.

भारतातल्यासारखा हिरवा ठिपका तिथे सक्तीचा नाही. चीजमधलं रेनेट कधी वासराच्या पोटातून काढलेलं असतं, त्यामुळे कडक शाकाहारी लोकांनी यादी शेवटपर्यंत वाचावी.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. लेबलवरचा सोडियमचा किंवा कॅलरीचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यात 20 टक्क्यांपर्यंतची वाढ एफडीए चालवून घेतं.

खायचा की नाही?

घाईच्या दिवशी एक बॉक्स, सोबत काकडी-टोमॅटो किंवा घरी शिजवलेले बिनमिठाचे बीन्स, हे ठीकच आहे. चिप्स टाळले तरी बराच फरक पडतो.

'रिड्यूस्ड सोडियम' लिहिलेला बॉक्स घेताना मात्र थांबा. त्याचा अर्थ मीठ कमी असा नसून नेहमीच्या उत्पादनापेक्षा किमान 25 टक्के कमी एवढाच आहे. शिवाय अशा काही पदार्थांत मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरतात. भारतातून मुलांकडे राहायला आलेल्या आई-बाबांना किडनीचा त्रास असेल, किंवा पोटॅशियम वाढवणारी बीपीची गोळी सुरू असेल, तर हा बॉक्स त्यांच्या ताटात वाढण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं.