जहांगीरचा हुकूम आणि शाळेजवळची टपरी

जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी येतो. आपल्याकडे तेव्हा शाळांना उन्हाळी सुट्टी असते. त्यामुळे तंबाखूमुक्तीची शपथ आम्ही मुलांकडून पुढे कधीतरी परिपाठात म्हणवून घेतो. मुलं हात पुढे करून ती घडाघडा म्हणतात आणि विसरतात. मी भाषेचा शिक्षक आहे, इतिहासाचा नाही. पण या विषयावर मला शपथेपेक्षा इतिहास जास्त कामाला आला, म्हणून हे लिहितो आहे.

मुघल दरबारात तंबाखू आली ती आपल्या दख्खनमधून. अकबराच्या अखेरच्या वर्षांत असद बेग नावाचा सरदार विजापूरला इब्राहिम आदिलशहाकडे गेला होता. पोर्तुगीजांमुळे तिथे तंबाखू आधीच पोहोचली होती. असद बेगने ती बरोबर घेतली, रत्नं जडवलेली एक देखणी नळी तयार करवून घेतली आणि बादशहाला नजर केली. त्याने हे सगळं स्वतःच लिहून ठेवलं आहे. अकबराने दोन-तीन झुरके घेतले, तोच दरबारी हकीम कासावीस झाला आणि त्याने बादशहाला थांबवलं. मग वाद जुंपला. हकिमाचं म्हणणं असं की आपल्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, पारख न करता फिरंग्यांची रीत कशाला उचलायची? असद बेगचं म्हणणं असं की फिरंग्यांतही शहाणे लोक आहेत, आणि जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती.

बादशहाला असद बेगचा युक्तिवाद आवडला. तरी अकबराने स्वतः ती सवय लावून घेतली नाही. सरदारांना मात्र असद बेगने तंबाखू वाटली, प्रत्येकजण मागू लागला, मग व्यापारी विकू लागले.

हा प्रसंग मी वर्गात सांगतो आणि मुलांचे दोन गट करतो, एक हकिमाचा आणि एक असद बेगचा. गंमत अशी की बहुतेक वेळा असद बेगचा गट जिंकतो. ‘नवीन म्हणून वाईट कसं?’ या प्रश्नाला हकिमाच्या बाजूची पोरं अडखळतात. मग मी त्यांना सांगतो की हकिमाच्या बोलण्यातला मोलाचा शब्द ‘फिरंगी’ नव्हता, ‘पारख’ होता. ती पारख व्हायला साडेतीनशे वर्षं लागली. १९५० साली डॉल आणि हिल या इंग्रज संशोधकांनी लंडनच्या इस्पितळांतले रुग्ण तपासून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. म्हणजे हकिमाचं बरोबर ठरलं, तेही फिरंग्यांच्याच हातून!

बंदीसाठी मात्र कोणी साडेतीनशे वर्षं थांबलं नाही. १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखू ओढायला मनाई केली. ही तब्येत आणि बुद्धी दोन्ही बिघडवते, असं त्याने आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे. (स्वतःच्या दारू आणि अफूबद्दलही त्याने तितक्याच मोकळेपणाने लिहिलंय, ते असो.) इराणच्या शाह अब्बासनेही बंदी घातली होती. पण तिथे गेलेला जहांगीरचा वकील खान आलम याला हुक्क्याशिवाय घटकाभरही करमेना. शेवटी शाहने एक शेर लिहून त्याला सूट दिली. जहांगीरने ही हकीकत बंदीच्या नोंदीलगतच लिहिली आहे, आणि चिडून नव्हे, कौतुकाने.

तुर्कस्तानात सुलतान मुराद चौथा याने १६३३ मध्ये तंबाखूसाठी थेट देहदंड ठेवला. कातिब चेलेबी हा तिथला विद्वान लिहितो की शिपाई अस्तनीत आखूड चिलमी लपवून ठेवत आणि लोकांना मृत्युदंड दिला जात असतानाही संधी साधून ओढत. उलेमांमध्ये मुबाह, मकरूह की हराम हा वाद चालूच राहिला. मुलं आजही मला तेच विचारतात. मी मुफ्ती नाही. मी त्यांना एवढंच विचारतो की रमजानमध्ये सहरीपासून इफ्तारपर्यंत चौदा तास जो माणूस सिगारेटला हात लावत नाही, तो खजूर खाऊन लगेच बाहेर कशासाठी जातो? मुलं हसतात. प्रत्येकाच्या घरात असा कोणीतरी असतोच.

आपल्या लोकशाहीतला प्रवासही सरळ नाही. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा बंद केला, ती बंदी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये ती पुन्हा आली. मधल्या काळात २००३ चा केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत कोणालाच विकता येत नाही. हे मोडल्यास दंड किती, तर जास्तीत जास्त दोनशे रुपये. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मात्र मुलाला तंबाखू देणाऱ्यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. हे ऐकून एका मुलाने विचारलं, “सर, अब्बांनी आणायला पाठवलं तर?”

मी लगेच काही बोललो नाही. लहानपणी आजोबांच्या विड्या मीच आणायचो, उरलेल्या पैशांची गोळी मिळायची. दुकानदाराने कधी वय विचारलं नाही. आता मी त्या मुलाला सांगितलं की घेणारा मोठ्यासाठी घेतो आहे असं म्हणाला तरी कायदा बदलत नाही, दुकानदाराने मुलाच्या हातात पुडी द्यायचीच नाही.

त्यानंतर मुलांनीच टेप आणला आणि फाटकापासून टपरीपर्यंत मोजलं. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. आमचा टेप त्याच्या निम्म्यातच संपला, पण टपरी त्याच्याही अलीकडे होती. टेपचं दुसरं टोक धरून उभा असलेला मुलगा त्या टपरीवाल्याचा भाचा निघाला. तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच टपरीवर गेलो आणि कायदा सांगितला. मामूंनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, “सर, पहले तो तुमीच आते थे ना पुडी लेने, इंटरवल में.”

खरं होतं. सुरुवातीची सहा-सात वर्षं मी तिथलं रोजचं गिऱ्हाईक होतो, आणि कितीतरी वेळा स्वतः न जाता वर्गातल्याच एखाद्या मुलाला पाठवत असे. मी ‘हो’ म्हणालो. मग आम्ही दोघं बराच वेळ, बरण्या काढल्या तर त्या जागी काय विकता येईल, यावर बोलत बसलो. वह्या-पेनं चालतील, असं त्यांना वाटत होतं. अजून तरी बरण्या तिथेच आहेत.