प्रतिजैविकांचा जबाबदार वापर : रुग्णालय व्यवस्थापनाची भूमिका

रुग्णाला कोणते प्रतिजैविक (अँटिबायोटिक) द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. मात्र तो निर्णय कोणत्या माहितीवर होणार, हे बऱ्याच अंशी रुग्णालयाच्या व्यवस्थापनावर अवलंबून असते. अनावश्यक वापरामुळे जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात. २०१९ मध्ये अशा संसर्गांमुळे जगभरात थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०१४ मध्ये रुग्णालयांसाठी सात मूलभूत घटक सांगितले. त्यांतील पहिला घटक म्हणजे नेतृत्वाची बांधिलकी : मनुष्यबळ, निधी आणि तंत्रज्ञान पुरवणे.

उदाहरणार्थ, रक्तातील संसर्गाचा संशय असलेला गंभीर रुग्ण रात्री दाखल झाला, तर अनेक प्रकारच्या जिवाणूंवर चालणारे प्रतिजैविक लगेच सुरू करावे लागते. त्याआधी कल्चर तपासणीसाठी रक्त घेतले नसेल, तर पुढे औषध बदलायला किंवा थांबवायला ठोस आधार उरत नाही. म्हणून प्रयोगशाळेची चोवीस तास सोय, वेळेवर अहवाल आणि ४८ ते ७२ तासांनी उपचारांचा फेरविचार ही व्यवस्था व्यवस्थापनाने उभारायची असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे ‘ॲक्सेस’, ‘वॉच’ आणि ‘रिझर्व्ह’ असे तीन गट केले. ‘रिझर्व्ह’ म्हणजे इतर पर्याय संपल्यावर वापरायची औषधे. त्यांच्यासाठी तज्ज्ञांची पूर्वसंमती बंधनकारक करणे आणि विभागवार वापराचा नियमित आढावा घेणे, हे निर्णयही व्यवस्थापनाचेच. औषधविक्री हे रुग्णालयाच्या उत्पन्नाचे साधन असेल, तर या निर्णयांची खरी कसोटी लागते.