किर्लोस्करवाडी : नांगराभोवती वसलेले गाव

१/ साल १९१०. कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ. औंध संस्थानाने दिलेल्या या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावचा कारखाना हलवला. मोजके सहकारीही सोबत आले. अशा उजाड जागी माणसे टिकली कशी?

२/ उत्तराचा एक धागा कारखान्याच्या मालात सापडतो. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र. रोख शेतकऱ्याच्या गरजेवर. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे आरंभी नांगर खपेना. तरीही लक्ष्मणरावांनी तो सोडला नाही.

३/ आपण ओतलेला फाळ कोणत्या मातीत जाणार, हे ओतशाळेतल्या कामगाराला वेगळे सांगावे लागत नव्हते. ती माती कारखान्याभोवतीच पसरली होती.

४/ कारखाना वाढला, तसे हे प्रयोजन बोलून दाखवणेही आवश्यक झाले. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. पुढे नामांकित झालेले हे मासिक मुळात कारखान्याचे मुखपत्र होते.

५/ अर्थात केवळ ध्येयाने पोट भरत नाही. म्हणूनच कारखान्यासोबत कामगारांची वसाहतही उभारावी लागली. घरामुळे माणसे वाडीत राहिली असतील. पण आपले काम कोणासाठी आहे, हे ठाऊक असल्याने ती कामात रमली, असे मला वाटते.