गोळी मिळते हो, माणूस मिळत नाही

पोस्ट जरा मोठी झालीय. पण घरात वीस-बावीस वर्षांचं पोरगं असेल तर शेवटपर्यंत वाचा.

२००३ ची गोष्ट. माझा मावसभाऊ पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. मेसच्या जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय म्हणायचा, रात्ररात्र जागायचा, कानात बोलणारे आवाज ऐकू येऊ नयेत म्हणून रेडिओ मोठा लावायचा. घरच्यांनी आधी नजर उतरवली, मग देवऋषी झाला, मग ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हाही सल्ला आला. मानसोपचारतज्ज्ञांकडे पोचेपर्यंत चौदा महिने गेले. गोळ्यांनी चांगला फरक पडला. बरं वाटतंय म्हणून त्याने गोळ्या सोडल्या आणि पुढच्या तारखेला गेलाच नाही. तो का आला नाही, हे विचारायला दवाखान्यातून कुणी फिरकलं नाही. सहा महिन्यांत सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा वाटायचं, आमचंच नशीब फुटकं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की ‘आला नाही तर विचारायला जायचं कुणी?’ या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. आणि त्याची सुरुवात आपल्या देशातही झालेली आहे.

१९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर होते. रुग्णालय भरलेलं, माणसं अपुरी. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहायला बोलावलं. आजार काय आहे, घरी गेल्यावर कसं सांभाळायचं, हे घरच्यांना तिथेच समजावलं. माणसं बरी होऊन घरी परतू लागली. घरचे म्हणजे अडचण नाही, उपचारातले भागीदार आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं.

१९७० च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला वेगळीच अडचण होती. इस्पितळातून सोडलेली माणसं फिरून फिरून परत दाखल व्हायची. लिओनार्ड स्टाइन आणि मेरी ॲन टेस्ट यांच्या चमूने उपाय काढला तो साधा. इस्पितळातले कर्मचारीच बाहेर काढले. रुग्णाच्या घरी जायचं, बाजारहाट, स्वयंपाक, नोकरी यात तिथेच मदत करायची.

पण पहिल्यांदाच आजारी पडलेल्या तरुणांचं काय? या पोरांना वर्षानुवर्षं आजारी असलेल्या लोकांच्याच वॉर्डात टाकत. शेजारच्या खाटेकडे बघून पोराला वाटायचं, आपलंही हेच होणार. मेलबर्नमध्ये डॉ. पॅट्रिक मॅकगोरी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या तरुणांसाठी स्वतंत्र सेवा सुरू केली. औषधाचा डोस कमीत कमी, आणि प्रत्येकाला स्वतःचा एक केस मॅनेजर. हे नाव ऑफिसातलं वाटतं, पण काम घरातल्या मोठ्या भावासारखं. तारीख चुकली तर फोन करणार, घरी येणार, कॉलेजशी बोलणार, आईबापांना समजावणार. पुढे इंग्लंड, डेन्मार्क, कॅनडातही अशा सेवा उभ्या राहिल्या.

डेन्मार्कचा धडा मात्र नीट ऐका. १९९८ पासून तिथे ५४७ तरुण रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. एका कार्यकर्त्याकडे साधारण दहाच रुग्ण, सोबत दोन वर्षं. दोन वर्षांनी ही मुलं नेहमीच्या उपचारांवाल्यांपेक्षा स्पष्टपणे बरी होती. मग सोबत संपली. पाच वर्षांनी पाहिलं, तर बराचसा फायदा विरून गेलेला. म्हणजे सोबत उपयोगी पडते, पण ती ठरलेल्या तारखेला कापून टाकता येत नाही.

आणि देवऋषी फक्त आपल्याकडेच वेळ खातो असंही नाही. अमेरिकेत पहिल्यांदा सायकोसिस झालेल्या ४०४ जणांच्या अभ्यासात निम्म्या लोकांना नीट उपचार मिळेपर्यंत ७४ आठवडे किंवा त्याहून जास्त वेळ गेला होता. माझ्या भावाचे चौदा महिने त्यापेक्षा कमीच म्हणायचे!

‘ते श्रीमंत देश, आपल्याला कसं जमणार?’ असं कुणी म्हणेल. तर ऐका. हा प्रयोग आपल्या साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत होऊन गेलाय. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. स्किझोफ्रेनियाचे २८२ रुग्ण होते, त्यातल्या १८७ जणांच्या घरी प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते जात होते. डॉक्टर नव्हेत, आपल्यासारखीच शिकलेली माणसं. फरक फार मोठा नव्हता, पण नुसत्या दवाखान्याच्या उपचारांपेक्षा हे रुग्ण बरे राहिले. त्यात जुने रुग्णही होते. विशीतल्या पोरांसाठी हे पहिल्याच वर्षी केलं तर काय होईल, हा विचार तुम्हीच करा.

२००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून जास्त रुग्ण जळून मेले. त्यांना पळताही आलं नाही. २०१७ च्या कायद्याने साखळी बंद केली, समाजात राहण्याचा हक्क दिला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तर १९९६ पासून आहे. गोळ्या मिळतात, फुकटही मिळतात. मधला माणूस तेवढा नाही.

आमच्या घरात तो माणूस म्हणजे मावशी. बिनपगारी, बिनप्रशिक्षणाची. गोळी दिली का बघणारी, झोप मोजणारी, ‘वेडा’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याशी भांडणारी. तिच्यामुळे भाऊ आज एका प्रेसमध्ये कामाला जातो. पण मावशी आता पंचाहत्तरीची आहे. परवा मला म्हणाली, “माझ्यानंतर याला तारीख कोण आठवण करून देणार रे?”

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट.

पुढचं मत मागायला जो येईल त्याला एवढंच विचारा: आपल्या तालुक्यात नव्याने आजारी पडलेल्या पोराच्या घरी जाणारा माणूस कोण? त्याचं नाव सांगा. आणि घरात कुणाचं वागणं अचानक बदललं असेल तर चौदा महिने थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे. सेव्ह करून ठेवा, शेजाऱ्यालाही द्या.