एआय शिकवतं का? प्रश्न जुनाच आहे

‘शिक्षणात एआय’ हा विषय घेऊन पीएचडीचा प्रस्ताव लिहिताय? मग आधी वीसेक वर्षं मागे, बडोद्याला चला.

तिथल्या महापालिका शाळांना सरकारने प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले होते, पण शिकवायला ते क्वचितच वापरले जात. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने त्यांवर चौथीच्या मुलांसाठी आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ सुरू केले. मुलाला जमेल तसा खेळ अवघड व्हायचा. एआय ट्यूटरचा गाभा तरी दुसरा काय आहे? बॅनर्जी, डफ्लो आणि सहकाऱ्यांनी मोजलं: दुसऱ्या वर्षी गणितात ०.४७ प्रमाण विचलनाची वाढ. पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात ती ०.१ च्या आसपास उरली.

पेरूने तर मुलांच्या हातात लॅपटॉपच दिले. ३१९ शाळांच्या अभ्यासात गणित आणि भाषेत फरक दिसला नाही. यंत्र होतं, पण मुलाच्या पातळीशी जोडलेलं शिकवणं नव्हतं.

२०१५ मध्ये दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ची चाचणी झाली. ६१९ विद्यार्थी, साडेचार महिने, गणितात ०.३७ ची वाढ. आता नीट बघा: रोजच्या ९० मिनिटांतली ४५ सॉफ्टवेअरची, उरलेली ४५ माणसाने छोट्या गटाला शिकवण्याची. मग श्रेय कुणाचं?

म्हणून प्रस्तावात नुसतं ‘एआय प्रभावी आहे का?’ असं लिहू नका. तुलना कशाशी करणार आणि वर्षभराने पुन्हा मोजणार का, हे पहिल्याच पानावर लिहा. गाईडही आधी तेच विचारतील.