पडद्यामागचे मालेगाव

१९८४ साली अमेरिकेत ‘किंग काँग’ची लेझरडिस्क निघाली. तिच्या दुसऱ्या ध्वनिपट्टीवर रोनाल्ड हेवर हे अभ्यासक चित्रपट कसा घडला ते सांगत होते. ऑडिओ कॉमेंट्रीची सुरुवात तिथून झाली. पण आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्येच चित्रपट कसे तयार होतात, हे दाखवणारा लघुपट काढला होता.

डिस्कवरचे असे जादा साहित्य पाहण्याजोगे कधी ठरते? कौतुक कमी आणि अडचण व तिच्यावर काढलेली वाट जास्त असेल तेव्हा. आम्हा खानदेशवाल्यांच्या शेजारच्या मालेगावचे उदाहरण घ्या. शेख नासिर यांनी तिथे यंत्रमाग कामगारांना घेऊन ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. ट्रॉली नव्हती, सायकल होती. सुपरमॅनला उडवायला हिरवे कापड होते. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात हे सारे दिसते.

सुपरमॅन झालेले शफीक २०११ मध्ये कॅन्सरने गेले. त्यांचे हसणे-बोलणे त्या माहितीपटामुळे उरले. बाकीच्या कितीतरी कारागिरांचे काय? आपल्या मोहल्ल्यात असे कुणी असतील, तर आजच त्यांच्याजवळ बसा, मोबाइलचे रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा, “चाचा, हे जमवलं कसं?”