फाटलेला स्पीकर आणि कोरडा ट्रॅक : गिटारच्या ध्वनिमुद्रणात निर्णय अंतिम कधी होतो?

१/ मार्च १९५१. अमेरिकेतील मेम्फिस शहरात सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत मिसिसिपीहून एक वाद्यवृंद येऊन पोहोचला. गिटारवादक विली किझार्ट यांचा ॲम्प्लिफायर वाटेतच बिघडला होता, त्याच्या स्पीकरचा कागदी पडदा फाटला होता. दुरुस्तीला वेळ नव्हता. फाटक्या जागी कागद कोंबला गेला आणि ध्वनिमुद्रण पार पडले. ते गाणे म्हणजे ‘रॉकेट ८८’.

२/ ॲम्प नेमका कशाने बिघडला, याविषयीच्या साक्षी जुळत नाहीत. कोणी सांगते मोटारीवरून पडला, कोणी सांगते पावसाने भिजला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. खरी अडचण पुढे आहे. त्या दिवशी किझार्ट यांच्या गिटारचा मूळ सूर कसा होता, हे पडताळण्याचे साधनच उरलेले नाही. टेपवर जे उतरले ते बिघाडासकट उतरले.

३/ आजचा थ्रेड याच प्रश्नाविषयी आहे : गिटार ध्वनिमुद्रित करताना कोणता निर्णय कोणत्या क्षणी कायमचा होतो? घरी ॲम्पसमोर मायक्रोफोन ठेवून, बाहेरची इफेक्ट-यंत्रे जोडून संगणकावर ध्वनिमुद्रण करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न आजही सोडवावा लागतो.

४/ प्रथम थोडी पार्श्वभूमी. रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ गिटार १९३२ मध्ये बाजारात आली. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेचे कंपन पिकअपमधील चुंबक आणि वेटोळे यांच्यामुळे विद्युत-संकेत बनते. ॲम्प तो संकेत वाढवतो, स्पीकर त्याचा आवाज करतो. या प्रवासात ॲम्प सुराला आपला रंग देतो, म्हणून त्याला अर्धे वाद्यच मानावे लागते.

५/ १९४९ मध्ये बिंग क्रॉस्बी यांनी लेस पॉल यांना ॲम्पेक्सचे टेप-यंत्र भेट दिले. पॉल यांनी त्यात एक जादा हेड बसवले. आधीचे वादन ऐकायचे, त्यात नवे मिसळायचे आणि दोन्ही एकत्र त्याच टेपवर उतरवायचे, अशी ही पद्धत. जुना थर पुसला जाई. शेवटच्या थरात चूक झाली, तर आधीचे सारे श्रम वाया. मेरी फोर्ड यांच्यासह केलेले ‘हाऊ हाय द मून’ १९५१ मध्ये गाजले, ते याच जोखमीतून.

६/ त्या काळचा प्रतिध्वनीही टेपचाच. रेकॉर्ड-हेडने लिहिलेला आवाज थोड्या अंतरावरील प्लेबॅक-हेड वाचते, तेवढाच उशीर. हेडमधील अंतर २ इंच आणि टेपचा वेग सेकंदाला १५ इंच धरला, तर उशीर सुमारे ०.१३ सेकंद. हा प्रतिध्वनी मूळ सुरासोबत टेपवर उतरला की तो वेगळा काढता येत नसे.

७/ नोव्हेंबर १९६०, नॅशव्हिल. मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस गिटार वाजवत होते. मिक्सिंग कन्सोलच्या एका चॅनेलमध्ये बिघाड झाला आणि सूर खरखरीत, गुरगुरणारा उमटला. तो भाग काढून पुन्हा वाजवता आला असता. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये गाणे कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

८/ ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी त्या बिघाडाचा छडा लावला आणि तोच आवाज हवा तेव्हा काढणारे सर्किट तयार केले. १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या पेडलच्या रूपाने विक्रीस आले. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्स यांनी ते ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये वापरले. एका संध्याकाळचा अपघात आता पायाने चालू-बंद करता येत होता.

९/ पेडले आली तसा क्रमाचा प्रश्न आला. इको ॲम्पच्या आधी ठेवला आणि ॲम्प खरखरीत लावला, तर प्रत्येक प्रतिध्वनीही खरखरतो आणि सूर एकमेकांत कालवले जातात. इको ॲम्पनंतर ठेवला, तर खरखरीत सुराचे स्वच्छ प्रतिध्वनी मिळतात. यंत्रे तीच, पण क्रम बदलला की ध्वनी बदलतो.

१०/ १९९० च्या दशकात जॉन क्युनिबर्टी या ध्वनिमुद्रकाने ‘रीॲम्प’ नावाचे छोटे उपकरण काढले. गिटारचा संकेत आधी ॲम्पशिवाय, कोरडाच मुद्रित करायचा. पुढे केव्हाही तो या उपकरणातून ॲम्पमध्ये सोडायचा आणि स्पीकरचा आवाज नव्याने मुद्रित करायचा. मुद्रित संकेत गिटारच्या मानाने फार जोरकस असतो. हे उपकरण त्याला गिटारसारखा क्षीण करते, म्हणून ॲम्प नेहमीसारखा वागतो. वादन एकदाच, ॲम्पची निवड मात्र कितीही वेळा.

११/ याच दशकात संगणक आला. १९९१ चे पहिले ‘प्रो टूल्स’ चार ट्रॅकचे होते. १९९८ मध्ये लाइन सिक्सच्या ‘ॲम्प फार्म’ने ॲम्पच सॉफ्टवेअरमध्ये आणला. आता कोणताही निर्णय महिन्यानंतरही फिरवता येतो.

१२/ बाहेरचे खरे इको-यंत्र वापरायचे, तर संकेत संगणकातून बाहेर जाऊन परत यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि २५६ नमुन्यांचा बफर धरला, तर एका वाटेला सुमारे ५.८ मिलिसेकंद, जाऊन-येऊन जवळपास दुप्पट. हा उशिरा आलेला सूर मूळ सुरात मिसळला, की काही कंपने परस्परांना छेदतात आणि आवाज पोकळ होतो. म्हणून हा उशीर मोजून ट्रॅक तितकाच मागे सरकवावा लागतो.

१३/ एक स्वानुभव. गेल्या पावसाळ्यात एका मित्राची चाल मुद्रित केली. मायक्रोफोनचा संकेत उसन्या इको-यंत्रातून थेट संगणकात घेतला, कोरडा ट्रॅक ठेवलाच नाही. इको जास्त झाला हे दुसऱ्या दिवशी कळले. तोवर यंत्र परत गेले होते. मित्र पुढे नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि ती चाल त्याने पुन्हा तशी वाजवलेली नाही. अभिलेखागारात मूळ कागदावर पेनने लिहू नये, हे मी रोज पाळतो. इथे मात्र नेमके तेच केले.

१४/ म्हणून एवढे करावे. गिटारचा संकेत डीआय बॉक्समधून दोन वाटांनी न्यावा : एक थेट संगणकात, दुसरी ॲम्पकडे. मायक्रोफोनचा ट्रॅक वेगळा, इफेक्टमधून आलेला वेगळा. यंत्रांच्या बटणांचे छायाचित्र काढून तारखेसह जपावे. कोरडा ट्रॅक हे मूळ साधन आणि इफेक्ट हे त्याचे विवेचन. दोन्ही लागतात, पण वेगवेगळी ठेवावीत.

१५/ मात्र सारे निर्णय पुढे ढकलणे हाही उपाय नव्हे. नॅशव्हिलमध्ये तो विचित्र सूर ठेवायचा, असे कोणाला तरी ठरवावे लागले. कोरडा ट्रॅक जपावा तो चूक सुधारता यावी म्हणून. कोणता सूर लोकांसमोर न्यायचा, हे ठरवण्याचे काम तरीही आपलेच राहते.

१६/ आपल्याकडे जुने ॲम्प किंवा टेप-इको असल्यास त्याची हकीकत खाली अवश्य लिहावी. तीही या इतिहासाची साधनेच आहेत.